मैदानावरचा पहारेकरी : ले. कर्नल हेमू अधिकारी

क्रिकेटच्या धावफलकावर फलंदाजाच्या प्रत्येक धावेची नोंद होते, गोलंदाजाच्या प्रत्येक बळीची होते. क्षेत्ररक्षकाने टिपलेला झेलही एक वेळ नोंदला जातो. पण त्याने अडविलेल्या धावेची नोंद कोठेही होत नाही. दिवसभर उन्हात उभे राहून ज्याने संघाच्या तीस-चाळीस धावा वाचविल्या, त्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात शोधूनही सापडत नाही. सीमेवर पहारा देणाऱ्या सैनिकाचेही असेच असते. रात्र शांततेत गेली, शत्रू फिरकला नाही, यातच त्याचे यश असते. पण न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नसते. या दोन्ही प्रकारच्या पहाऱ्यांत ज्यांचे आयुष्य गेले असे एक मराठी नाव आहे, आणि ते आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे. ते नाव म्हणजे लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. क्रिकेटविश्व त्यांना हेमू अधिकारी म्हणून ओळखत होते.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या महानगरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला, त्याच महानगराच्या अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या मैदानांवर आज रोज सकाळी शेकडो मुले पांढऱ्या पोशाखात सरावाला उतरतात. त्यांपैकी कोणालाही सुनील गावसकर कोण, हे सांगावे लागत नाही. हेमू अधिकारी कोण, हे मात्र त्या मुलांनाच काय, त्यांच्या प्रशिक्षकांपैकी अनेकांनाही सांगावे लागेल. दोष मुलांचा नाही. आपण त्यांच्यापुढे कोणते आदर्श ठेवतो आणि कोणते झाकून ठेवतो, हा प्रश्न आहे.

उमेदीची दहा वर्षे

हेमू अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्याचा. वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच, १९३६-३७ च्या हंगामात, त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पाऊल ठेवले. आधी गुजरात, मग बडोदे, आणि मुंबईच्या गाजलेल्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघ, अशी त्यांची वाटचाल झाली. गुणवत्ता सिद्ध झाली होती. पण काळ अनुकूल नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारताला एकही कसोटी सामना खेळता आला नाही. खेळाडूची दृष्टी तीक्ष्ण असते, पाय चपळ असतात आणि मनगटात जोर असतो, ती सतरा ते सत्तावीस ही वर्षे अधिकारींच्या आयुष्यातून अशी निघून गेली.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, नोव्हेंबर १९४७ मध्ये, लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ ब्रिस्बेन येथे ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. त्या सामन्यात अधिकारींनी कसोटी पदार्पण केले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. पुढे ॲडलेडच्या कसोटीत विजय हजारे यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, हे आपण शालेय पुस्तकातील धड्यासारखे पाठ केलेले आहे. पण दुसऱ्या डावात लिंडवॉल एकापाठोपाठ एक गडी उडवीत असताना हजाऱ्यांना दुसऱ्या टोकाने साथ कोणी दिली? ५१ धावा करून, हजाऱ्यांबरोबर शतकी भागीदारी रचणारा तो फलंदाज हेमू अधिकारी होता. शतक ज्याचे त्याचे नाव राहते. ज्याच्या आधाराने ते शतक उभे राहिले, त्याचे नाव तळटीपेत जाते.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर स्वतंत्र भारताचा मायभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडिजने चार शतकांसह ६३१ धावांचा डोंगर उभारला. उत्तरादाखल भारताने ४५४ धावा केल्या. त्यात अधिकारी नाबाद ११४. हेच त्यांचे एकमेव कसोटी शतक.

१९५२ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच कोटलावर, भारत आणि पाकिस्तान प्रथमच कसोटी सामन्यात समोरासमोर आले. फाळणीच्या जखमा ओल्या असताना होणाऱ्या या सामन्याचे महत्त्व केवळ खेळापुरते नव्हते. भारताचे नऊ गडी २६३ धावांत बाद झाले होते. अकराव्या क्रमांकावर आलेल्या गुलाम अहमद यांना हाताशी धरून अधिकारींनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भर घातली. गुलाम अहमद ५०, अधिकारी नाबाद ८१. विनू मंकड यांनी त्या सामन्यात १३ बळी घेतले आणि भारताने एक डाव व ७० धावांनी विजय मिळविला. शेवटच्या गड्याच्या त्या भागीदारीचा भारतीय विक्रम ५२ वर्षे अबाधित राहिला. २००४ च्या डिसेंबरमध्ये ढाक्यात सचिन तेंडुलकर व झहीर खान यांनी १३३ धावा केल्या, तेव्हा तो मोडला.

हुद्दा मानाचा आणि हुद्दा कर्तव्याचा

सैनिकी हुद्दा आणि क्रिकेट यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. नागपूरचे सी. के. नायडू हे ‘कर्नल’ म्हणून ओळखले गेले. होळकर दरबाराने त्यांचा खेळ पाहून त्यांना आपल्या सैन्यात स्थान दिले होते. संस्थानांच्या काळात गुणी खेळाडूला आश्रय देण्याची ती एक पद्धत होती आणि त्या आश्रयाने भारतीय क्रिकेटवर मोठे उपकार केले, यात शंका नाही. परंतु अधिकारींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना क्रिकेटसाठी हुद्दा मिळाला नव्हता. ते भारतीय सैन्यातील अधिकारी होते आणि सैन्याने दिलेल्या सवडीत क्रिकेट खेळत होते. पहिल्यात खेळासाठी गणवेश चढतो, दुसऱ्यात गणवेशासाठी खेळ बाजूला ठेवावा लागतो.

त्याची किंमत किती होती, हे आकडेच सांगतात. अधिकारींच्या पहिल्या आणि शेवटच्या कसोटीच्या दरम्यान भारत ४७ कसोटी सामने खेळला. अधिकारींच्या वाट्याला त्यांतले २१ आले. त्यांत ८७२ धावा, सरासरी ३१.१४. प्रथम श्रेणीत मात्र आठ हजारांहून अधिक धावा आणि १७ शतके. हुकलेल्या प्रत्येक सामन्याचे कारण लष्करी सेवाच होते, असे म्हणता येणार नाही. निवड समित्यांच्या लहरी तेव्हाही होत्या. पण लष्करी कर्तव्याने त्यांची कारकीर्द खुंटली, ही गोष्ट त्यांच्या समकालीनांनी व क्रिकेटच्या अभ्यासकांनी एकमुखाने मान्य केलेली आहे.

याच काळात त्यांनी सेनादलाच्या संघाला आकार दिला. मुंबई, बडोदे, होळकर अशा बलाढ्य संघांच्या त्या जमान्यात, बदल्यांमुळे ज्या संघातील खेळाडू वर्षभर एकत्रही नसत, तो सेनादलाचा संघ अधिकारींच्या नेतृत्वाखाली १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन हंगामांत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. पहिल्यात मुंबईने आणि दुसऱ्यात बडोद्याने त्यांना पराभूत केले. करंडक हाती आला नाही. पण त्यानंतर आजपर्यंत सेनादलाला पुन्हा अंतिम फेरी गाठता आलेली नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोन पराभवांचे मोल कळते. पुण्याचेच चंद्रशेखर गडकरी हेही त्या काळी सेनादलातून भारतीय संघात गेले. तेही चपळ क्षेत्ररक्षणासाठीच वाखाणले गेले, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

एका मालिकेत चार कर्णधार

१९५८-५९ ची वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका हे भारतीय क्रिकेटमधील अनागोंदीचे विदारक चित्र आहे. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या भेदक माऱ्यापुढे फलंदाज कोलमडत होते आणि त्याच वेळी कर्णधारपदाचा खेळखंडोबा चालला होता. पहिल्या कसोटीला पॉली उम्रीगर, पुढच्या दोन सामन्यांना गुलाम अहमद. ते निवृत्त झाल्यावर पुन्हा उम्रीगरांकडे सूत्रे आली. पण संघातील एका जागेवरून क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांशी मतभेद होऊन त्यांनी मद्रास कसोटीच्या तोंडावर राजीनामा दिला आणि विनू मंकड यांना पुढे करण्यात आले. मालिका ३-० अशी हातची गेली. मग दिल्लीच्या पाचव्या कसोटीसाठी मंडळाला आठवण झाली ती ३९ वर्षांच्या हेमू अधिकारींची.

विझत्या मालिकेचे, दुभंगलेल्या संघाचे आणि अवघ्या एका सामन्याचे ते नेतृत्व होते. मिळवायचे काही नव्हते, गमवायचे मात्र पुष्कळ होते. अधिकारींनी ते स्वीकारले. पहिल्या डावात ६३, दुसऱ्या डावात ४०, आणि मधल्या काळात चेंडू हाती घेऊन तीन बळी. पुण्याच्याच चंदू बोर्डे यांनी त्या सामन्यात १०९ आणि ९६ धावा केल्या. पहिल्या डावात भारताच्या ४१५ धावा झाल्या, वेस्ट इंडिजने ६४४ केल्या आणि तरीही सामना अनिर्णित राखण्यात भारताला यश आले. हा अधिकारींचा अखेरचा कसोटी सामना ठरला. त्यानंतरच्या १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते गेले नाहीत आणि तेथे भारत पाचही कसोट्या हरला. पद मिळाले म्हणून त्याला चिकटून राहण्याची वृत्ती त्यांच्यात नव्हती. बोलावणे आले, जबाबदारी पार पाडली आणि ते परत आपल्या कामावर रुजू झाले.

ओव्हलचा विजय कोठे घडला?

अधिकारींचे सर्वांत मोठे कार्य मात्र बॅट खाली ठेवल्यानंतरचे आहे. १९७१ च्या उन्हाळ्यात अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा व्यवस्थापक होते ले. कर्नल हेमू अधिकारी. इंग्लंडमधील आधीचा इतिहास लाजिरवाणा होता : १९५२ मध्ये ३-०, १९५९ मध्ये ५-०, १९६७ मध्ये ३-० असे पराभव. भारतीय खेळाडू नजाकतीने फलंदाजी करतात, फिरकी टाकतात. पण धावत नाहीत, वाकत नाहीत, झेल सोडतात, ही आपली जगभरातील ख्याती होती. अधिकारींनी नेमका तोच विषय हाती घेतला. ते स्वतः आपल्या काळातील कव्हरमधील अव्वल क्षेत्ररक्षक होते. लष्करी शिस्तीने त्यांनी क्षेत्ररक्षणाचा सराव करून घेतला आणि शारीरिक क्षमतेत कोणालाही सूट दिली नाही.

२४ ऑगस्ट १९७१. गणेश चतुर्थीचा दिवस. ओव्हलवर भारताने इंग्लंडला चार गड्यांनी नमविले आणि इंग्लंडच्या भूमीवर प्रथमच कसोटी सामना व मालिका जिंकली. या विजयाचे श्रेय आपण भागवत चंद्रशेखर यांच्या ३८ धावांतील सहा बळींना देतो, आणि ते योग्यच आहे. पण १०१ धावांत गडगडलेल्या इंग्लंडच्या त्या डावाचा धावफलक जरा बारकाईने पाहावा. बहुसंख्य फलंदाज झेलबाद झालेले दिसतील. फ्लेचर आणि नॉट हे दोघे सापडले एकनाथ सोळकर यांच्या हाती, फलंदाजाच्या अगदी पुढ्यात. सोळकर हे हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळीकाकांचे पुत्र. २७ कसोटींत ५३ झेल घेणाऱ्या या खेळाडूने क्षेत्ररक्षणाला आपल्या देशात प्रथमच प्रतिष्ठा मिळवून दिली. फिरकी गोलंदाज भारताकडे आधीही होते. त्यांच्या चेंडूवर उडालेला झेल टिपणारे हात मात्र १९७१ मध्ये तयार झाले, आणि ते हात तयार करणाऱ्यांत एक सेनाधिकारी होता.

त्यानंतर अनेक वर्षे अधिकारींनी तरुण खेळाडूंना घडविण्याचे काम केले. गावसकर, करसन घावरी, कपिल देव, रवी शास्त्री अशा खेळाडूंना त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झाला.

शिस्त ही जादूची कांडी नव्हे

येथे कोणी म्हणेल, की मग १९७४ चे काय? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यावरही व्यवस्थापक अधिकारीच होते. ती मालिका भारत ३-० ने हरला. लॉर्ड्‌सवर अवघ्या ४२ धावांत आपला डाव आटोपला. तीन वर्षांपूर्वी जे व्यवस्थापक विजयाचे शिल्पकार, तेच या नामुष्कीचे साक्षीदार झाले.

यातून शिस्त निरुपयोगी ठरत नाही. बाहेरून लावलेली शिस्त आणि आतून स्वीकारलेली शिस्त यांतील अंतर तेवढे उघड होते. १९७१ च्या संघाला काही सिद्ध करायचे होते. १९७४ चा संघ विजयाच्या कौतुकात तीन वर्षे न्हाऊन निघाला होता आणि अंतर्गत मतभेदांनी पोखरला होता. जो शिपाई स्वतःहून उभा राहतो, त्यालाच सेनापती चालवू शकतो. कोणताही कर्नल बाहेरून आणून संघात चारित्र्य भरता येत नाही. ते घरात आणि शाळेत, कोवळ्या वयात रुजावे लागते. आणि म्हणूनच या चरित्राचा खरा संबंध आजच्या उपनगरांतील आईवडिलांशी येतो.

उपनगरांतील पालकांस

एके काळी मुंबईचे क्रिकेट दादर-माटुंग्याच्या पलीकडे नाही, असे मानले जाई. ते दिवस संपले. बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्मा यांनी भारताला २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक मिळवून दिला. बार्बाडोसच्या त्या अंतिम सामन्यात, शेवटच्या षटकात, सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा अशक्यप्राय झेल घेऊन सामना फिरविला तो चेंबूरमध्ये वाढलेल्या सूर्यकुमार यादव यांनी. भारत जिंकला सात धावांनी. तो चेंडू सीमापार गेला असता, तर सहा धावा एका फटक्यात गेल्या असत्या. १९७१ ला सोळकरांनी जे केले, त्याचाच हा २०२४ चा अवतार होता.

पण हे झेल पाहून टाळ्या वाजविणारे पालक आपल्या मुलाला काय विचारतात? संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला पहिला प्रश्न असतो, ‘आज किती केल्यास?’ ‘आज किती अडविल्यास?’ असे विचारणारा पालक विरळा. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यापासून तर बारा वर्षांच्या मुलाच्या किटबॅगेत आईवडिलांनी लिलावाची स्वप्ने भरून ठेवली आहेत. पहाटेच्या लोकलने बोरिवलीहून वा मुलुंडहून आझाद मैदान गाठणाऱ्या या मुलांच्या कष्टांविषयी आदरच वाटतो. परंतु त्यांतील मोजकेच मुंबईच्या रणजी संघापर्यंत पोहोचणार, हे गणित कोणाला न कळण्यासारखे नाही. उरलेल्यांनी काय करायचे? त्यांच्या अंगी आलेली काटकता, पहाटे उठण्याची सवय, संघासाठी झिजण्याची तयारी, हे सारे वाया गेले असे समजायचे का?

या प्रश्नाचे एक उत्तर अधिकारींच्या आयुष्यात आहे. सैन्यात अधिकाऱ्यांच्या हजारो जागा रिक्त असल्याची माहिती सरकारने संसदेत वेळोवेळी दिली आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्याच महाराष्ट्रात आहे. अधिकारीवर्गात मराठी तरुणांचे प्रमाण तोकडे आहे, हे ओळखून राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सेवा पूर्वतयारी संस्था स्थापन केली. तरीही उपनगरांतील सुशिक्षित घरांत सैन्याचा विषय निघाला, की ‘मुलाचे करिअर अडकेल’ हे वाक्य ऐकू येते. खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते : ‘त्याचा खेळ संपेल.’

हे खरे नाही. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. बीडचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमधून घडला आणि २०२३ मध्ये हांगझो येथील आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण घेऊन आला. क्रिकेटमध्ये साठच्या दशकानंतर सेनादलातून भारतीय संघात जाण्याची वाट जवळजवळ बंद झाली, हे मान्य करावे लागेल. आजचे व्यावसायिक क्रिकेट पूर्ण वेळ मागते. पण सेनादलाचा संघ आजही रणजी करंडकात उतरतो. २०१२-१३ मध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली होती आणि तेथे त्याची गाठ पडली ती मुंबईशीच. म्हणजे गणवेश चढविला, की मैदानाचे दार बंद होते, ही समजूत निराधार आहे.

यासाठी फार मोठ्या योजना नकोत. हॅरिस आणि गाइल्स ढाल स्पर्धांत शतकवीरांचे कौतुक होते, बळी घेणाऱ्यांचे होते. त्याच स्पर्धांत उत्कृष्ट क्षेत्ररक्षकासाठी हेमू अधिकारी यांच्या नावे एक पारितोषिक ठेवावे. उपनगरांतील क्रीडा संकुलांनी आणि प्रशिक्षण वर्गांनी वर्षातून एकदा तरी एखाद्या निवृत्त सेनाधिकाऱ्याला मुलांसमोर बोलवावे. अकरावी-बारावीच्या खेळाडू विद्यार्थ्यांना प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेची माहिती वेळेवर मिळावी. यांतील एकाही गोष्टीला शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. मंडळे, शाळा आणि पालक यांनी मनावर घेतले, की पुरे.

कोणत्याही समाजाला नायक हवेच असतात. पण तो समाज उभा राहतो तो जागा राखणाऱ्यांच्या बळावर. फलंदाज येतात आणि जातात, टाळ्या वाजतात आणि विरतात. कव्हरमध्ये गुडघ्यात किंचित वाकून, नजर चेंडूवर रोखून उभा असलेला तो एक माणूस मात्र प्रत्येक चेंडूला सज्ज असावा लागतो, आपल्याकडे चेंडू येणार की नाही याची खात्री नसतानाही. हेमू अधिकारी आयुष्यभर तसे सज्ज राहिले. आपली मुले किती धावा करतील, हे दैवाच्या आणि गुणवत्तेच्या हाती आहे. ती पहाऱ्यावर उभी राहतील की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे.